स्पोर्ट्स कारची बॅटरी बदलताना: वीज गेलेली चालते, लटपटलेली चालत नाही

तुमची अडचण मला समजली ती अशी. २०११ ची सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड-फोर, घडी होणाऱ्या पत्र्याच्या छपराची. पावसाळाभर घाटकोपरला सोसायटीच्या बेसमेंटमध्ये उभी होती. सेल्फ लागेना म्हणून नाक्यावरच्या मेकॅनिकने जंप देऊन चालू केली, तर स्टिअरिंग, ट्रॅक्शन (चाकं घसरू न देणारी यंत्रणा), एअरबॅग असे सगळे दिवे एकदम पेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा ठप्प. बॅटरी घरपोच देणारा म्हणतो, 'साइज सांगा, दहा मिनिटांत बसवून देतो.' सर्व्हिस सेंटर म्हणतं टो करून आणा, प्रोग्रॅमिंग करावं लागेल. आणि मित्राने घाबरवलंय की बॅटरी काढली की ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरचा, प्रोग्रॅम पुसला जातो.

या तिघांपैकी मित्राचं म्हणणं चूक आहे, सर्व्हिस सेंटरचं अर्धं बरोबर आहे आणि बॅटरीवाल्याचं ऐकलंत तर सगळ्यांत महागात पडेल. मी युरोपियन गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि पावसाळा संपला की आमच्याकडे अशाच गाड्यांची रांग लागते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मित्राची भीती. इंजिनचा प्रोग्रॅम, चावीची ओळख, गाडीचं कोडिंग (गाडीत काय काय बसवलंय याची कंप्युटरमधली सेटिंग) हे सगळं ज्या मेमरीत असतं तिला वीज लागत नाही. बॅटरी काढून गाडी आठवडाभर ठेवली तरी ते जागच्या जागी राहतं. जातं काय, तर घड्याळाची वेळ, काचांचं वन-टच, स्टिअरिंगच्या मधल्या बिंदूची नोंद. हे सगळं पाच-दहा मिनिटांत परत येतं.

खरा धोका आहे तो वीज लटपटण्यात. बॅटरी ९ व्होल्टवर आलीय आणि आपण पुन्हा पुन्हा सेल्फ मारतोय. टर्मिनल टेकवलं, ठिणगी उडाली, हललं, सुटलं, परत टेकवलं. अशा वेळी गाडीतल्या छोट्या कंप्युटरांपैकी, म्हणजे मॉड्यूलांपैकी, एक जागं असतं, दुसरं बंद पडतं, तिसरं अर्ध्यावर रीसेट होतं. त्यांचं आपसातलं बोलणं तुटतं आणि प्रत्येक मॉड्यूल दुसऱ्याच्या नावाने एरर लिहून ठेवतं. तुमच्या डॅशबोर्डवर एकदम उजळलेले दिवे बहुधा याच जातीचे आहेत. एकाच क्षणी स्टिअरिंग, ब्रेक आणि एअरबॅग तिन्ही खराब होत नाहीत. म्हणून चांगली बॅटरी बसवून, एरर पुसून, त्यातली कुठली परत येते ते बघेपर्यंत कुणी कुठलंही मॉड्यूल बदलायला सांगितलं तर ऐकू नका.

'बहुधा' म्हणालो, कारण एक गोष्ट इथून मला दिसत नाही. तुमच्या गाडीची बॅटरी डिकीत, तळाच्या झाकणाखाली आहे. छप्पर उघडणाऱ्या गाड्यांत पावसाचं पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर त्या पानांनी आणि धुळीने तुंबतात आणि पाणी कार्पेटखाली उतरतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे बॅटरीच्या आजूबाजूला बोटं घालून बघा. ओल, कुबट वास, टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर, यातलं काही असेल तर प्रश्न नुसत्या बॅटरीचा नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं, वाळवायचं, मग पुढचं. कोरडं असेल तर निर्धास्तपणे पुढे वाचा.

आता बॅटरीची निवड. जुन्या बॅटरीचं लेबल वाचा आणि फोटो काढून ठेवा. त्यावर एजीएम (अॅसिड काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषलेली सीलबंद बॅटरी) लिहिलं असेल तर नवीही एजीएमच हवी. साधी लीड-अॅसिड बरीच स्वस्त मिळते, पण एजीएमसाठी कोड केलेली गाडी तिला एजीएमच्याच हिशोबाने चार्ज करत राहते. शिवाय बॅटरी डिकीत बंदिस्त असल्याने तिच्यातून निघणारा वायू बाहेर काढायला एक नळी असते; नव्या बॅटरीला ती नळी लावायची सोय हवी. लांबीचं मापही बघा. युरोपियन साइजमध्ये २७८, ३१५ आणि ३५३ मिलिमीटर अशा लांब्या असतात, रुंदी १७५ आणि उंची १९० तीच. एक साइज लहान बॅटरी खोबणीत बसते, पण तळाची पकड तिला धरत नाही. पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे तेही जुळलं पाहिजे. उलट्या बाजूची बॅटरी आणली की केबल ताणावी लागते, आणि ती का ताणायची नाही ते पुढे सांगतो.

आधीच्या मालकाने भलतीच बॅटरी बसवली असण्याचीही शक्यता आहे. म्हणून लेबलवर आंधळा विश्वास न ठेवता, गाडीत कोणती क्षमता आणि कोणता प्रकार कोड केलाय ते स्कॅनरवर वाचून घ्या. दोन्ही जुळलं तर ऑर्डर द्या.

दुकानातून आल्यावर बॅटरीच्या निर्मितीची तारीख बघा आणि मीटर लावा. भरलेली एजीएम १२.८ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ दाखवत असेल तर ती बरेच महिने शेल्फवर पडून आहे. परत करा, दुसरी मागा. चांगली निघाली तरी बसवण्याआधी रात्रभर एजीएम मोड असलेल्या स्मार्ट चार्जरवर ठेवा. गॅरेजमधला जुना बूस्ट चार्जर लावू नका. तो १५-१६ व्होल्टपर्यंत चढतो आणि एजीएमला साधारण १४.८ च्या वर जाणं सोसत नाही. अर्धवट भरलेली नवी बॅटरी बसवून 'गाडी चालवली की भरेल' असं म्हणणारे खूप भेटतात. मरीन ड्राइव्हची एक फेरी मारून बॅटरी भरत नाही. शेवटचा वीस टक्के चार्ज भरायलाच कित्येक तास लागतात.

प्रत्यक्ष बदलण्याआधी गाडी झोपू द्यायची. लोक नेमकी हीच पायरी गाळतात. इग्निशन बंद केलं तरी आतली मॉड्यूल बराच वेळ जागी असतात. दोन्ही दारांच्या काचा चार बोटं खाली करा. तुमच्या दारांना काचेची चौकट नाही. दार उघडताना काच आपोआप जराशी खाली येते आणि बंद झाल्यावर वर जाऊन रबरात बसते. बॅटरी काढलेली असताना ती खाली येणार नाही, आणि त्या अवस्थेत दार ओढलं तर काच रबरावर आणि पत्र्यावर आपटते. मग डिकी उघडी ठेवा, दिवे बंद, मोबाइल चार्जरची वायर काढलेली, चावी खिशात न ठेवता लांब घरात. कमीत कमी अर्धा तास गाडीला हात लावू नका. डिकीचा दिवा चालू राहत असेल तर बऱ्याच गाड्यांत कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवली की दिवा विझतो आणि गाडीला डिकी बंद झाल्यासारखं वाटतं. असं केलंत तर शेवटी डिकीचं झाकण लावण्याआधी ती जीभ डिकीच्या बटणाने मोकळी करायची, हे कागदावर लिहून झाकणाला चिकटवा. बॅटरी निघालेली असताना डिकीचं झाकण चुकूनही खाली येऊ देऊ नका.

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट, आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. कारण साधं आहे. निगेटिव्ह म्हणजे गाडीचा सगळा पत्रा. ते जोडलेलं असताना पॉझिटिव्हवरचा पाना कुठे पत्र्याला टेकला तर थेट शॉर्ट. निगेटिव्ह सुटलेलं असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

या गाडीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटी काळी डबी दिसेल, दोन बारीक वायरींची. हा बॅटरी सेन्सर. बॅटरीतून किती करंट गेला-आला, व्होल्टेज किती, तापमान किती, हे तो सतत मोजतो. टर्मिनल घट्ट बसलं की बॅटरीवाल्याचा हात आपोआप स्क्रूड्रायव्हरकडे जातो. खाली घालून उचकटलं की डबी आतून तडकते, बाहेरून काही दिसत नाही. १० नंबरच्या पान्याने नट पुरता ढिला करा, क्लॅम्प जरा फाकू द्या, दोन्ही बाजूंनी धरून सरळ वर उचला. हातोडी नाही, पिळणं नाही. आणि टर्मिनल सुटल्यावर ते फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा, कारण ते स्वतःच्या ताणाने परत पोलवर येऊन टेकतं. अशी एक-दोन सेकंदांची टेक म्हणजेच मी वर म्हटलेलं लटपटणं.

पॉझिटिव्ह बाजूचंही सांगायलाच हवं. डिकीत बॅटरी असलेल्या बीएमडब्ल्यूंमध्ये पॉझिटिव्ह केबलवर एक सुरक्षा टर्मिनल असतं. अपघातात ते छोट्या स्फोटक कॅप्सूलने केबल तोडतं, म्हणजे आग लागायला वीज उरत नाही. म्हणून या केबलला हिसका द्यायचा नाही, ताणायची नाही, ठोकायची नाही.

आमच्याकडे मागच्या पावसाळ्यानंतर वरळीहून एक अशीच दोन सीटर गाडी फ्लॅटबेडवर आली होती. नवी बॅटरी बसवून झाल्यावर रोज नवा दिवा लागायचा आणि मालकांना एका ठिकाणी मॉड्यूल बदलण्याचं मोठं एस्टिमेट मिळालेलं. डिकीच्या तळाचं झाकण काढलं. बॅटरी एक साइज लहान. उरलेल्या फटीत बॅटरीच्याच खोक्याचा पुठ्ठा घडी करून कोंबलेला. वायूची नळी लोंबकळत होती. सेन्सरच्या प्लगचा खटका तुटलेला, त्यामुळे खड्ड्यातून गाडी गेली की प्लग क्षणभर सुटायचा. नवा सेन्सर, योग्य मापाची बॅटरी, गाडीच्या कंप्युटरमध्ये तिची नोंदणी, एरर पुसणं, इतकंच केलं आणि दिवे गेले. मॉड्यूलला आम्ही हातही लावला नाही.

नवी बॅटरी लावताना टर्मिनल एकदाच, ठामपणे, शेवटपर्यंत खाली बसवा. हाताने हलत नाही इतपत घट्ट करा, त्यापलीकडे जोर लावू नका, पोल शिशाचा असतो. बारीकशी ठिणगी उडाली तर घाबरू नका. ठिणगी उडाली म्हणून हात मागे घेऊन परत टेकवणं जास्त वाईट. तळाची पकड लावा, वायूची नळी लावा.

बॅटरी बदलताना ओबीडी सॉकेटमधून (स्कॅनर जोडायच्या सॉकेटमधून) मेमरी सेव्हर, म्हणजे तेवढ्यापुरती बाहेरून वीज देणारं उपकरण, लावावं का, असंही तुम्ही विचारलंय. काही इलेक्ट्रिशियन आवर्जून लावतात, आणि ज्या जुन्या गाड्यांच्या रेडिओला कोड लागतो आणि तो कोड हरवलाय, तिथे त्याचा उपयोग आहे. तुमच्या गाडीत मी लावणार नाही. त्याने पॉझिटिव्ह केबल जिवंत राहते, म्हणजे पान्याची एक चूक आणि शॉर्ट. शिवाय ती लाइन छोट्या फ्यूजवर असते. मध्येच कुणी दार उघडलं, मॉड्यूल जागी झाली आणि करंट वाढला की छोट्या सेव्हरचं व्होल्टेज बसतं. वाचवायचं काय, तर घड्याळ आणि काचा. त्यासाठी हा धोका का पत्करायचा?

सर्व्हिस सेंटरचं अर्धं बरोबर म्हणालो ते नोंदणीबाबत. या गाडीत इंजिनचा कंप्युटर बॅटरीच्या वयाचा हिशोब ठेवतो आणि त्यानुसार अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनरेटरचं) चार्जिंग बदलत नेतो. नवी बॅटरी आलीय हे त्याला कुणी सांगितलं नाही तर तो नवीलाही म्हातारी समजूनच चार्ज करतो. नोंदणी न करता गाडी बंद पडते असं नाही; चालू होईल, चालेलही. पण महाग एजीएमचं आयुष्य विनाकारण कमी होतं. किती कमी, ते तुम्ही गाडी किती आणि कशी चालवता त्यावर आहे. त्याच क्षमतेची आणि त्याच प्रकारची बॅटरी असेल तर नुसती नोंदणी पुरते. क्षमता किंवा प्रकार बदलला तर कोडिंगही बदलावं लागतं. बीएमडब्ल्यूसाठीचा बऱ्यापैकी स्कॅनर असलेला कुठलाही स्वतंत्र इलेक्ट्रिशियन हे काही मिनिटांत करून देतो. त्यासाठी टो करायची गरज नाही, तो तुमच्या बेसमेंटमध्ये येऊ शकतो. बोलावण्याआधी फोनवर एकच विचारा: 'ई-एटीनाइन झेड-फोरची बॅटरी रजिस्टर करता का?' (ई-एटीनाइन, म्हणजे ई८९, हा तुमच्या मॉडेलचा कंपनीचा कोड.) उत्तरात 'त्याची गरज नसते' आलं तर दुसरा शोधा.

बॅटरी जोडल्यावर लगेच सेल्फ मारू नका. इग्निशन चालू करून एक-दोन मिनिटं थांबा, दिवे स्थिरावू द्या. नोंदणी करा, मग सगळ्या एरर वाचून, फोटो काढून, पुसा. इंजिन चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा, परत मध्ये आणा, मग मोकळ्या रस्त्यावर थोडं सरळ चालवा. ट्रॅक्शनचा दिवा यातच विझायला हवा. काचा एकेक करून पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा. आणि छप्पर सगळ्यात शेवटी. ते हायड्रॉलिक पंपावर चालतं, पंप भरपूर करंट ओढतो. इंजिन चालू ठेवूनच उघडा. तोपर्यंत, म्हणजे आत्ता जुन्या बॅटरीवर, छपराचं बटण अजिबात दाबू नका. अर्ध्यात अडकलेलं छप्पर बेसमेंटमध्ये मिटवणं फार कष्टाचं काम आहे.

पोर्शच्या ९११ किंवा बॉक्सस्टरवाल्यांसाठी थोडंसं, कारण त्यांचाही हाच प्रश्न असतो. तिथे बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि बऱ्याच मॉडेलांत ती डिकी विजेवरच उघडते. त्यासाठी आतल्या फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं पॉझिटिव्ह टोक दिलेलं असतं. तिथे बाहेरून १२ व्होल्ट देऊन झाकण उघडायचं. हे फक्त कुलूप उघडण्यापुरतं, तिथून सेल्फ मारायचा नाही. काही मर्सिडीज आणि जग्वारमध्ये दोन बॅटऱ्या असतात. एकच काढली तर गाडी पूर्ण मेलेली नसते.

मुंबईत नेहमी दिसणाऱ्या दोन सवयी मात्र गाडीजवळ येऊ देऊ नका. एक, अल्टरनेटर चालतोय का ते बघायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढणं. जुन्या अॅम्बेसेडर-पद्मिनीच्या काळात ते खपलं. आज अल्टरनेटर जोरात भरत असताना बॅटरी अचानक सुटली तर लाइनमध्ये व्होल्टेजचा झटका येतो. तो ३०-४० व्होल्टच्या वर सहज जातो आणि संरक्षण कमी पडलं तर मॉड्यूल खरोखर जळतात. अल्टरनेटर तपासायला मीटर पुरतो. दुसरी सवय, ट्रक किंवा बसवरून जंप देणं. त्यांचं सर्किट २४ व्होल्टचं असतं, तुमच्या गाडीचं १२ चं.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि विक्रेताही ती बिलात वजावट देऊन घेतो.

आता शेवटचं, आणि तुमच्या बाबतीत कदाचित सगळ्यात महत्त्वाचं. बॅटरी मुळात मेली कशामुळे? झोपलेल्या चांगल्या गाडीचा करंट साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असतो. तेवढा धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. ८० अँपिअर-तासाची बॅटरी दोन महिन्यांत जवळजवळ रिकामी, गाडीत काहीही बिघाड नसताना. त्यात सेकंडहँड गाडी म्हणजे कुणीतरी ट्रॅकर, डॅशकॅम नाहीतर अॅम्प्लिफायर जोडलेला असतोच. म्हणून पावसाळ्यात उभी ठेवायची असेल तर सोसायटीकडून पार्किंगमध्ये प्लग पॉइंटची परवानगी घ्या आणि मेंटेनन्स चार्जर बॉनेटखालच्या जंप पॉइंटवर (जंप देण्यासाठी दिलेल्या पॉझिटिव्ह टोकावर) लावून ठेवा, निगेटिव्ह बॉडीच्या अर्थ पॉइंटवर. क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर लावली तर सेन्सरला तो चार्ज दिसतच नाही.

नवी बॅटरी बसल्यावर रात्री गाडी बंद करून दोन तासांनी जंप पॉइंटवर व्होल्टेज मोजा, सकाळी दार न उघडता, फक्त बॉनेट आधीच उघडं ठेवून, पुन्हा मोजा. फरक ०.१ च्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त पडला तर टर्मिनल काढून मीटर मध्ये घालायच्या फंदात पडू नका, त्याने गाडी पुन्हा जागी होते. डीसी क्लॅम्प मीटर (वायर न सोडता तिच्यातला करंट मोजणारा) निगेटिव्ह केबलभोवती लावा आणि गाडी झोपल्यावर आकडा वाचा. तो आकडा आणि गाडीत बाहेरून काय काय जोडलंय ते कळवा, मग कुठला फ्यूज आधी बघायचा ते सांगतो.